चूल आणि गॅसचा गिझर एकाच नळावर जोडता येतील का?

ओढ्यापलीकडे
१२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिलाच काढतेय. सांभाळून घ्या.

भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याच्या मागच्या अंगाला आमचं शेत आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्याचं बिऱ्हाड उचलून इथे कायमचे आलो. विजेचे खांब ओढ्यापर्यंत येऊन थांबलेत आणि आम्ही पलीकडे, म्हणून हे नाव. छपरावर ३३० वॉटची चार सोलर पॅनेलं, खाली १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-अवर) दोन बॅटऱ्या. दिवे, पंखे, मोबाइल, ऊन असेल तर दुपारी मिक्सर, एवढ्यात आमचं भागतं. पाणी झऱ्यावरून आपसूक काळ्या टाकीत येतं. टाकी टेकाडावर, न्हाणीच्या नळापेक्षा साधारण ४ मीटर उंच. पंप नाही.

अंघोळीला ६ लिटरचा गॅस गिझर आहे, दोन सेलांवर ठिणगी पडते तो. न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याखाली लावलाय. आम्ही दोघं, सासूबाई, मुलगा आणि कामावरची दोन माणसं. भांडी, हातपाय सगळं धरून थंडीत दिवसाला दीडशे लिटर गरम पाणी सहज जातं. गिझरचा १४.२ किलोचा सिलिंडर साडेपाच आठवड्यांत रिकामा होतो. तो आणायचा म्हणजे जीप, घाट आणि अर्धा दिवस.

आता मुद्दा. आमची चूल सकाळी अडीच तास आणि संध्याकाळी दोन तास पेटलेलीच असते. भाकऱ्या, मजुरांचं जेवण, म्हशीचं आंबोण. दोन्ही वेळचं मिळून सात-आठ किलो सरपण लागतं. चूल विटामातीची, वैलाच्या (मागच्या जोडचुलीच्या) मागून धुरांडं काढलंय. धुरांड्याला हात लावला तर चटका बसतो. म्हणजे एवढी धग फुकट आभाळात चालली आहे!

माझ्या मनात असं आहे की, त्या धगीवर पाणी कोमट करायचं आणि तेच गिझरमध्ये सोडायचं. उरलेलं काम गिझर करील. चूल पेटली नाही त्या दिवशी सगळं गिझरवर. असं कोणी केलंय का? काय चुकतंय माझं?

बंबात_जाऊ_दे
१२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

बंब घ्या. धागा संपला. (हलकेच घ्या.)

खरंच सांगतो, आमच्याकडे अजून आजीचा तांब्याचा बंब आहे. खाली जाळी, मधून नळी, बाजूने पाणी. चार ढलप्या आणि दोन गोवऱ्या टाकल्या की तीन जणांच्या अंघोळी. वरून जेवढं गार ओताल तेवढंच गरम तोटीतून काढायचं, याहून साधं यंत्र जगात नाही.

ओढ्यापलीकडे
१२ ऑक्टोबर, रात्री १०:३२

आहे ना, बंबही आहे! पण त्याला वेगळं सरपण, वेगळी राख आणि वरून पाणी ओतायला माणूस. सासूबाईंचे गुडघे गेलेत, कळशी उचलवत नाही. पावसाळ्यात न्हाणीच्या अंगणात जाळ धरत नाही. जी आग आधीच पेटलेली आहे तिच्याकडून काम करून घ्यायचंय.

आकडेमोड
१३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते. १५० लिटर पाणी थंडीत १८ वरून ४० वर न्यायचं म्हणजे २२ अंश, एकूण ३,३०० किलोकॅलरी. एक किलो एलपीजीमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. गिझर त्यातले ८० टक्के पाण्याला देतो असं धरू. म्हणजे रोज अर्धा पावशेर कमी अर्धा किलो... थांबा, सरळ लिहितो: रोज ०.३७५ किलो. १४.२ भागिले ०.३७५ म्हणजे ३८ दिवस. तुमचा सिलिंडर खरं बोलतोय, गळती वगैरे नाही.

आता चूल. हवेवर वाळलेल्या लाकडात किलोला साधारण ३,५०० किलोकॅलरी. ८ किलोचे २८,०००. यातले १२ टक्के जरी धुरांड्याकडून परत मिळवलेत तरी ३,३६०. कागदावर तुमची पूर्ण गरज भागते. प्रत्यक्षात निम्म्यावर समाधान माना.

बॅटरीवर पाणी तापवावं असा सल्ला कोणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगतो. १५ लिटरची एक बादली २५ अंशांनी तापवायला ०.४४ युनिट. तुमच्या दोन बॅटऱ्यांत मिळून ३.६ युनिट, निम्मंच वापरायचं. चार बादल्या झाल्या की घरात अंधार.

सह्याद्रीपुत्र
१३ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

सोलर वॉटर हीटर का नाही?

ओढ्यापलीकडे
१३ ऑक्टोबर, सकाळी ११:००

दरीत आहोत. थंडीत ऊन पोचायला साडेनऊ वाजतात आणि जून ते सप्टेंबर सूर्य रजेवर. चूल मात्र बारा महिने.

पान्हा
१३ ऑक्टोबर, रात्री ८:५०

बावीस वर्षं नळजोडणीचं काम करतोय, म्हणून दोन शब्द.

ताई, तुमच्या गिझरला पाणी किती गरम आहे ते कळत नाही. त्याच्या पोटात रबराचा पडदा असतो. नळ उघडला की पाण्याच्या दाबाने पडदा ढकलला जातो, त्याच्या दांडीने गॅस उघडतो, स्विच दबतो, ठिणगी पडते. ज्योत किती मोठी ते तुम्ही बटण फिरवून ठरवता, तो नाही ठरवत. मिनिटाला ६ लिटर सोडलं तर तो २५ अंश चढवणार. १८ चं दिलं तर ४३, ४० चं दिलं तरी बापडा २५ च चढवणार, म्हणजे ६५! पाठीवर घेतलं तर कातडी येईल. त्याच्या वर गेलं की सेन्सर गॅस बंद करतो, मग डोक्याला साबण लावलेला असताना गार पाणी. शिवाय तो पडदा रबराचा. रोज कडक पाणी गेलं की कडक होतो आणि चिरतो.

पाणी बघून आपोआप ज्योत लहानमोठी करणारे गिझर मिळतात, पण त्यांना वीज लागते आणि दामही. त्यात 'आत येणारं पाणी जास्तीत जास्त किती तापमानाचं चालेल' हे पुस्तिकेत बघून घ्या. तुमच्या साध्या गिझरला मी तरी ३५-३६ च्या वर देणार नाही, आणि त्या वेळी ज्योत सगळ्यात बारीक.

दुसरी गोष्ट, आणि ही हसण्यावारी नेऊ नका. चुलीत पाइपाचं वेटोळं घालून दोन्ही टोकांना कॉक लावायचा विचार चुकूनही करू नका. एका ठिकाणी मला बोलावलं होतं ते फुटल्यानंतर. जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप, दोन्हीकडे कॉक, कोणीतरी दोन्ही बंद केले आणि खाली जाळ चालू. चुलीची पुढची भिंत उडून समोरच्या कणगीत. घरातली बाई शेळीमागे बाहेर गेली होती म्हणून वाचली. एक लिटर पाण्याची वाफ झाली की सोळाशे लिटरच्या वर जागा मागते. ती जागा तुम्ही दिली नाही तर ती स्वतः करून घेते.

आकडेमोड
१३ ऑक्टोबर, रात्री ९:०२

पान्हा, पूर्ण अनुमोदन. विजेचा गिझर थर्मोस्टॅटने बंद होतो, गॅस कॉकने बंद होतो. लाकूड जळायचं थांबत नाही, हा मूळ फरक आहे.

दक्षिणगोलार्ध
१४ ऑक्टोबर, पहाटे ४:१०

न्यूझीलंडमधून लिहितोय, इथे दुपार होत आलीय. ताई, तुम्हाला जे सुचलंय त्याला इथे वेटबॅक म्हणतात आणि जुन्या घरांमधून ते सर्रास दिसतं. घर गरम करायच्या लाकडाच्या शेगडीच्या पाठीत पाण्याची चपटी पेटी असते. पेटीपेक्षा वर टाकी. खालच्या नळीने गार पाणी पेटीत उतरतं, तापून हलकं होतं, वरच्या नळीने टाकीत चढतं. पंप नाही, वीज नाही.

पण हे चढणं फार अशक्त असतं. २० अंशांचं पाणी आणि ६० अंशांचं पाणी यांच्या वजनात घनमीटरला जेमतेम १५ किलोंचा फरक. टाकी एक मीटर वर असेल तर त्या फरकाने मिळणारा रेटा म्हणजे दीड सेंटिमीटर पाण्याची उंची. फुंकर म्हणा. म्हणून नळी जाड हवी, इंचापेक्षा कमी नको, एल्बो (काटकोनी जोड) कमीत कमी, आणि गरम नळी पेटीपासून टाकीपर्यंत सतत चढती. कुठेही उंटाची पाठ झाली की तिथे हवा बसते आणि सगळं ठप्प.

इथला नियम पान्हा म्हणतात तोच: ज्या आगीवर ताबा नाही तिच्या पाण्याला उघडी वाफनळी हवीच. तिच्यावर कॉक नाही, झडप नाही, काही नाही.

आणि गॅसच्या तात्काळ गिझरला इथले लोक कॅलिफॉन्ट म्हणतात. बायको म्हणते, ऐकायला एखाद्या आजारासारखं वाटतं.

मालवणी_खाजा
१४ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

भाण असताना गिझर कित्याक व्हयो?

अवांतर आहे, पण आमच्याकडे न्हाणीतच चुलाण आणि त्यावर भिंतीत बसवलेलं तांब्याचं भाण. खाली नारळाची सोडणं, झावळ्यांचे पिडे ढकलायचे. रात्री निखारे सारून ठेवले की पहाटेही पाणी ऊन. त्या पाण्याला धुराचा वास यायचा. तो वास आला की मला अजून गणपतीची सुट्टी लागल्यासारखं वाटतं.

चुलीवरची
१४ ऑक्टोबर, दुपारी २:३०

इथे सगळे पाण्याचं बोलताहेत, भाकरीचं कोणीच नाही, म्हणून लिहिते.

मी हा प्रयोग केलाय, जुन्नरजवळ, दोन हिवाळे. आमच्या हौशी दिरांनी तांब्याच्या नळीचं वेटोळं थेट जाळात, तव्याच्या खाली बसवलं. पहिल्या दिवशी चूल पेटवली तर वेटोळ्यावरून टपटप पाणी. सगळे म्हणाले नळी गळतेय. गळत नव्हती. आतून गार पाणी, बाहेरून ओल्या लाकडाचा धूर, त्याचा घाम तो. नंतर त्या घामावर काजळी बसली, डांबरासारखी चिकट, खरवडली तरी निघेना. आणि भाकरी! पापुद्रा सुटेना. तवा तापायच्या आतच नळी सगळी धग पिऊन टाकायची. आठ भाकऱ्यांना जिथे अर्धा तास लागायचा तिथे पाऊण तास, आणि सरपण वर जास्तच. फुकटचं पाणी कसलं, माझ्या हाताला बसलेलं बिल होतं ते.

तेव्हा ताई, तव्याखालच्या जाळाला हात लावू द्यायचा नाही. वैलाच्या पुढे, धुरांड्याच्या तोंडाशी बसवा. वैल म्हणजे तरी काय, उरलेल्या धगीवर आमटी गरम ठेवायची जागा. तिच्याही मागे जे उरतं ते पाण्याला. आणि काजळी काढायला झाकण ठेवा, नाहीतर दोन महिन्यांत धुरांडं तुंबून धूर घरात.

ओढ्यापलीकडे
१४ ऑक्टोबर, रात्री ९:१५

चुलीवरची, शंभर धन्यवाद. हे मला कोणत्याच व्हिडिओत सापडलं नसतं.

नवरा आणि मी बसून कागदावर काढलं. धुरांड्याच्या तोंडाशी स्टेनलेस स्टीलची चपटी पेटी. माळ्यावर शंभर-सव्वाशे लिटरची टाकी. काळ्या टाकीचं पाणी तिच्यात, तिथून गिझरला. आणि टाकीतून उघडी वाफनळी वर. पण ही वाफनळी काळ्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच न्यावी लागेल ना? नाहीतर तिच्यातून पाणीच वाहत राहील. म्हणजे छपराच्या वर आणखी दोन मीटर पाइप उभा. वारा बघता तो पहिल्या वळवात आडवा होईल.

पान्हा
१४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

बरोबर पकडलंत. त्याला साधा उपाय म्हणजे माळ्यावर टाकीशेजारी छोटी टाकी बसवायची, फ्लोट वाली. काळ्या टाकीतून तिच्यात, तिच्यातून गरम टाकीत. मग वाफनळी हातभर उंच पुरते.

ओढ्यापलीकडे
१४ ऑक्टोबर, रात्री ९:५८

पण मग गिझरला दाब माळ्यापासूनचाच मिळणार, जेमतेम दीड मीटर. आत्ता ४ मीटरवर तो पेटतो. दीडवर पेटेल?

पान्हा
१४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

नाही पेटणार. कमी दाबाच्या गिझरलाही दोनेक मीटर तरी लागतात.

हां. उघडी टाकी पाहिजे तर दाब जातो, दाब पाहिजे तर टाकी बंद करावी लागते. आणि बंद मी करू देणार नाही.

दक्षिणगोलार्ध
१५ ऑक्टोबर, पहाटे ३:३५

ही गाठ इथे एकाने सोडवलेली मी पाहिली आहे. डोंगरात राहतो, वीज नाही, लाकडाची शेगडी आणि कॅलिफॉन्ट, तुमचंच चित्र. त्याने टाकीतलं पाणी वापरायचंच नाही असं ठरवलं.

टाकी उघडी, वर नुसतं झाकण. तिच्यातलं पाणी पेटी ते टाकी, टाकी ते पेटी असं फिरत राहतं, बाहेर कधीच येत नाही. त्या टाकीत तांब्याच्या नळीचं लांब वेटोळं बुडवलेलं. काळ्या टाकीचं पाणी आपल्या पूर्ण दाबाने त्या वेटोळ्यातून जातं, जाता जाता तापतं आणि गिझरला पोचतं. टाकी उकळली तर वाफ झाकणातून बाहेर, बस. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी घालायचं.

पान्हा
१५ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

वा. हे मला सुचायला हवं होतं. मिठाईवाल्याच्या दुधाच्या भट्टीत आणि यात फरक काय.

१५ एमएमची तांब्याची नळी, १२ मीटर. त्यात दाब पाऊण मीटरभर खाल्ला जाईल, चारातून तेवढा गेला तरी गिझर पेटेल. वेटोळं टाकीच्या वरच्या अर्ध्यात ठेवा, गरम तिथे असतं. टाकीतून बाहेर पडल्यावर पहिले दोन मीटर तांबं किंवा जीआय, मग सीपीव्हीसी (गरम पाण्याची प्लास्टिकची नळी) चालेल. तिची मर्यादा ९३ अंश, साधी पीव्हीसी लावलीत तर शेवईसारखी लोंबेल. जीआयच्या जोडांना टेफ्लॉन टेप नको, सफेदा आणि सुतळी.

आणि गिझरच्या आधी तीन तोंडांचा कॉक टाका. पाणी हाताला सोसवेल एवढंच गरम असेल तर गिझरकडे, त्याहून कडक असेल तर गिझर वगळून थेट न्हाणीत. आपोआप मिसळणारी झडप मिळते, जमलं तर तीही बसवा, म्हणजे पोरगं आणि म्हातारं माणूस भाजायची भीती नाही.

डॉ_फुरसत
१५ ऑक्टोबर, दुपारी १:१०

दोन गोष्टी. गिझर बाहेर लावलाय हे वाचून बरं वाटलं. तो तिथेच राहू द्या, थंडी वाजते म्हणून आडोसा करताना चारी बाजूंनी बंद करू नका. बंद न्हाणीतल्या गॅस गिझरने कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं गेलेली आहेत. वास नाही, खोकला नाही. चक्कर येते आणि दार उघडायचं भान राहत नाही.

दुसरं, वेटोळ्याची कल्पना आरोग्याच्या दृष्टीनेही उत्तम. कोमट पाणी टाकीत दिवसेंदिवस साठवलं की लीजनेलासारखे जंतू वाढतात, त्यांना २५ ते ४५ अंश फार मानवतात. इथे साठलेलं पाणी अंगावर येतच नाही.

सह्याद्रीपुत्र
१५ ऑक्टोबर, दुपारी १:४०

वाचनखूण साठवली. ताई, झाल्यावर लिहायला विसरू नका, नाहीतर आमचे धागे असेच लोंबकळत राहतात.

ओढ्यापलीकडे
२३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

झालं. लिहायला उशीर झाला कारण मध्ये भातकापणी.

पेटी ३ मिमी स्टेनलेसची, एक विटेएवढी जाड, दोन विटांएवढी उंच. खाली आणि वर इंची निपल. वेल्डरने आधी पाणी भरून दाबून दाखवली, मगच पैसे घेतले. टाकी मोडीत निघालेल्या सोलर हीटरची, १२० लिटर, भंगारवाल्याकडून. तिचं जुनं आवरण गेलेलं होतं म्हणून भोवती पत्र्याचं पिंप ठेवून मधल्या जागेत भाताचं तूस ठासून भरलं. इथे तूस फुकट, ग्लास वूल विकत. पान्हादादांनी फोटो बघून ग्लास वूलच घ्या म्हटलं होतं, मी ऐकलं नाही.

पहिला दिवस मजेचा झाला. चूल पेटवली, अर्ध्या तासाने भिंतीतून धाड, धाड. सासूबाईंनी भाकरी तव्यावर टाकून अंगण गाठलं. त्यांच्या मते चुलीत काहीतरी शिरलं होतं. पेटीला हात लावू देईना, आणि टाकी वर गार ढेकूळ. दक्षिणगोलार्धांची उंटाची पाठ! गरम नळी माळ्याच्या तुळईला टेकवायला म्हणून मिस्त्रीने वर घेतली होती आणि पुढे दोन बोटं खाली आणली होती. नुसती दोन बोटं. तिथे हवा अडकली, पाणी फिरेना, पेटीत उकळी फुटून दणके. जाळ ओढला, तुळईला खाच मारली, नळी एकसारखी चढती केली. पुन्हा पेटवलं. नवरा माळ्यावर हात लावून बसला होता. दहा मिनिटांनी वरून ओरडला, "आलं आलं!" जसं काही धरणाचं पाणी कालव्याला आलं.

आता आकडे, आकडेमोडदादांसाठी. काल संध्याकाळी चूल विझवताना टाकी ६२ अंश. आज सकाळी सहाला ५८, म्हणजे तुसाने रात्रभर चार अंशच जाऊ दिले. येणारं पाणी १९. मिनिटाला ५ लिटरने सोडलं तर वेटोळ्यातून ३५-३६. नळ बारीक करून ३ लिटरवर आणलं तर ४२, आणि त्याला गिझर लागतच नाही. पहिल्या दोघांच्या अंघोळी गिझरशिवाय. तिसऱ्यापासून गिझर, सगळ्यात बारीक ज्योतीवर. तोवर सकाळची चूल पेटलेली असते आणि टाकी परत चढायला लागते.

आकडेमोड
२३ नोव्हेंबर, रात्री ९:१०

वेटोळं टाकी आणि गार पाणी यांच्यातल्या फरकाचा ४३ टक्के उचलतंय. १२ मीटर नळीला अगदी चोख. नळ बारीक केल्यावर जास्त गरम का, तर पाणी आत जास्त वेळ राहतं.

चुलीवरची
२३ नोव्हेंबर, रात्री ९:४५

भाकरी?

ओढ्यापलीकडे
२३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

टम्म फुगते. सरपण किलोभर वाढलंय असं वाटतं, पण ते ऐनाच्या ओल्या लाकडामुळेही असेल. काजळीचं झाकण ठेवलंय. दर रविवारी वाटीभर निघते, भुसभुशीत, चिकट नाही. सकाळी पेटवताना पेटीवर घाम येतो तो मात्र तुम्ही सांगितला तसाच. आधी टाकी गरम असली की येत नाही.

बंबात_जाऊ_दे
२४ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

एवढं करून शेवटी काय झालं, तर माळ्यावर चढवलेला बंब.

ओढ्यापलीकडे
२४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मान्य. पण ओतायला माणूस लागत नाही.

ओढ्यापलीकडे
२ मार्च, रात्री ९:००

हिशेब द्यायचा राहिला होता. २५ नोव्हेंबरला लावलेला गिझरचा सिलिंडर १३ फेब्रुवारीला संपला. साडेअकरा आठवडे, त्यात संक्रांतीला आठ पाहुणे चार दिवस. निम्म्याहून जास्त गॅस वाचला. अजूनही वाचला असता, पण मुलाला तीन तोंडांचा कॉक फिरवायचा कंटाळा. टाकी पासष्ट असतानाही गिझरवरच जातो, मग सेन्सर गॅस तोडतो आणि आतून बोंबाबोंब. दोनदा झालं तेव्हापासून न्हाणीच्या दाराशी टाकीचं तापमान दाखवणारं घड्याळ लावलंय. पन्नासच्या वर काटा असेल तर गिझर नाही, हा घरचा कायदा.

खर्च: पेटी आणि वेल्डिंग, तांब्याची नळी, भंगारातली टाकी, जोड. यात नळीच सगळ्यात महाग. तीन-चार वर्षांत वसूल होईल. फक्त पैशासाठी करणार असाल तर थोडा विचार करा. आम्हाला घाटातल्या फेऱ्या वाचल्या, ते जास्त.

रानवारा७
३ मार्च, दुपारी १२:२०

धागा एका बैठकीत वाचला. आमचं वेल्ह्याला असंच घर आहे, पण आमचं पाणी बोअरचं, जड. वेटोळ्यात क्षार बसतील का?

पान्हा
३ मार्च, रात्री ८:१५

बसतील. टाकीत नाही बसणार, ते पाणी तेच ते फिरतं, एकदा पुट चढलं की झालं. वेटोळ्यात रोज नवीन पाणी म्हणजे रोज नवीन क्षार. पाणी ६० च्या वर तापू दिलंत तर जास्त. दोन्ही टोकांना युनियन (खोलता येणारे जोड) ठेवा म्हणजे सुटं करता येईल. वर्षातून एकदा लिंबूसत्वाचं पाणी करून तासभर आत भरून ठेवा, मग धुवून टाका. कपड्यांचं ब्लीच किंवा टॉयलेटचं अॅसिड नको, तांबं खाईल.

ओढ्यापलीकडेताई, तूस कसं आहे? दमट झालं का?

ओढ्यापलीकडे
३ मार्च, रात्री ९:०५

कोरडं ठणठणीत. पण दादा, हसू नका. परवा माळ्यावर खुडबुड म्हणून पिंपाचं झाकण उचललं, तर टाकीला चिकटून तुसात वाटीएवढी पोकळी, त्यात कापसाच्या चिंध्या आणि पाच गुलाबी पिल्लं. उबदार जागा बघून उंदरिणीने बाळंतपण तिथेच उरकलंय. सासूबाईंनी निकाल दिला की पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत कोणी पिंपाला हात लावायचा नाही.

पान्हा
३ मार्च, रात्री ९:१०

ग्लास वूल घ्या म्हटलं होतं.